दुसऱ्यांची चित्रं बघून आपलं पात्र कसं घडवावं

मोबाइलमध्ये ‘प्रेरणा’ म्हणून सेव्ह केलेली शेकडो चित्रं आज उघडू नका. तो नुसता साठा आहे, अभ्यास नव्हे.

आधी एकमेकांशी अजिबात न जुळणारे तीन चित्रकार निवडा. मी आर. के. लक्ष्मण, गोव्याचे मारिओ मिरांडा आणि शि. द. फडणीस घेतले होते. जुने दिवाळी अंक रद्दीवाल्याकडे मिळतात. मारिओसाठी ठाण्याहून लोकल पकडा आणि कुलाब्याचं कॅफे माँडेगार गाठा. तिथल्या भिंतींवर त्यांची चित्रं आहेत. गर्दीच्या वेळी जाऊ नका, चित्रांपेक्षा लोकांची डोकीच जास्त दिसतात.

आता खरी गोम. ‘गिरवा, गिरवत राहा, हात बसेल’ हा सल्ला मलाही मिळाला होता. हात बसतो, पण दुसऱ्याचा! दोन वर्षं माझ्या प्रत्येक पात्राला मारिओंचेच टपोरे डोळे यायचे आणि मला ती माझी शैली वाटायची. बालकथेसाठी काढलेली आजी घेऊन एका प्रकाशनात गेलो. संपादकबाई म्हणाल्या, “आजी छान आहे हो, पण ही गोव्याहून आलीय का?” ती गोष्ट कोकणातली होती.

तेव्हापासून मी गिरवणं बंद केलं. एकच चित्र घ्यायचं आणि दहा मिनिटं नुसतं बघायचं, पेन्सिल खाली ठेवून. मग पुस्तक मिटायचं आणि आठवेल तसं काढायचं. वाईटच येतं, येऊ द्या. मग दोन्ही शेजारी ठेवा. तुम्ही जिथे चुकलात, तिथे त्या चित्रकाराने काहीतरी ठरवून केलेलं असतं आणि ते तुमच्या नजरेतून निसटलेलं असतं. ते वहीत एका वाक्यात लिहा. ‘रेषा सुंदर’ असलं काही लिहू नका, त्याचा उपयोग शून्य.

मी आठवणीतून काढलेला कॉमन मॅन हातवारे करत होता. लक्ष्मणांचा मात्र गप्प उभा राहून बघतो. धावपळ सगळी इतरांची. मी लिहिलं, ‘मुख्य माणूस स्थिर, भोवतालचे हलते.’ फडणीसांची चित्रं बिनशब्दांची, म्हणून तिथे लिहिलं, ‘जे सांगायचं ते अंगाच्या ठेवणीतून.’ मारिओंच्या नावापुढे डोळे सोडून काहीतरी लिहायचं, असा मी स्वतःला दमच दिला होता. शेवटी लिहिलं, ‘कपड्यांवरची नक्षी हाच स्वभाव.’

वाक्यं वहीत आली की पुस्तकं कपाटात. पक्कं चित्र काढताना समोर कुणाचंही चित्र नको, यात सूट नाही. आणि एका चित्रकाराचं एकच वाक्य वापरा. दोन घेतलीत की नक्कल डोकावते.

माणूस मात्र स्वतः शोधा. ठाण्याच्या तलावपाळीला संध्याकाळी अर्धा तास बसलात तरी पुरे. मी कणीसवाला निवडला.

कच्चं चित्र झालं की आकृती पूर्ण काळी भरून बघा. माझा कणीसवाला काळा केल्यावर पोतं दिसत होता. पंख्याचा हात अंगापासून लांब नेला, कोपर बाहेर काढलं, तेव्हा कुठे त्याचा माणूस झाला. रंग त्यानंतर.