आर्वो पॅर्टचा 'माग्निफिकात' कसा ऐकावा

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पॅर्ट यांचा 1989 सालचा 'माग्निफिकात', म्हणजे येशूची आई मरिया हिच्या स्तोत्राला दिलेलं संगीत, जेमतेम सात मिनिटांचा आहे. वाद्य एकही नाही, नुसता गायकवृंद. नवखा श्रोता तिसऱ्या मिनिटाला वैतागतो: चाल कधी सुरू होणार? ती वाट पाहायचीच नाही. इथली गंमत स्वर एकमेकांना कसे भिडतात यात आहे.

आधी शब्द वाचा. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, वचने 46 ते 55. गायन लॅटिनमध्ये आहे, पण अर्थ मराठी बायबलमधून कळला की पुरे. गरोदर मरियेच्या तोंडचं हे स्तोत्र वाटतं तितकं सौम्य नाही. सत्ताधाऱ्यांना आसनावरून खाली खेचलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, धनवानांना रिकाम्या हाती घालवलं, असं ती गाते.

मग पेटी काढा. पांढरी चारचा षड्ज धरा. सा, कोमल गंधार आणि पंचम, म्हणजे पांढरी चार, काळी चार आणि त्यावरची पांढरी एक, हे तीनच स्वर आलटूनपालटून वाजवा. जोडीदाराला आसावरी थाटाच्या (ग, ध, नी कोमल) स्वरांवरून एकेक पायरी वर-खाली जायला सांगा. पॅर्ट 1976 पासून ज्या 'तिंतिनाबुली' पद्धतीने लिहीत आले, तिचा गाभा एवढाच: एक आवाज पायरीपायरीने चालतो, दुसरा त्या तीन स्वरांबाहेर जात नाही. शेजारचे रे आणि कोमल ग, किंवा प आणि कोमल ध, एकदम वाजले की कानाला बोचतं आणि पुढच्याच स्वरावर सुटतं. हे बोचणं-सुटणं दहा मिनिटं हाताने करून बघाच. नुसतं वाचून ते कळत नाही.

आता ध्वनिमुद्रण लावा. तोनू काल्युस्ते यांच्या दिग्दर्शनाखालचं, एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायरचं उत्तम आहे. सुरुवातीलाच एक सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, एकाच सुरावर शब्द म्हणत राहते. आपल्याला लगेच तानपुरा आठवतो, पण हा सूर षड्ज नव्हे, पंचम आहे. म्हणून सगळं स्थिर असूनही घरी पोचल्यासारखं वाटत नाही. पेटीवर पांढरी एक दाबून पडताळा.

दुसऱ्यांदा ऐकताना सम शोधू नका, ती नाही. मात्रा शब्दांच्या अक्षरांवरून ठरतात, त्यामुळे लांब शब्दाला लांब माप. एकदोन आवाज आणि पूर्ण वृंद आळीपाळीने येतात, तेही टिपा. मधल्या शांततेत आवाज वाढवायचा मोह टाळा.

शेवटी पिता-पुत्र-पवित्र आत्म्याचं नेहमीचं स्तुतिवचन येत नाही, पहिली ओळच परत येते. इतकं पकडता आलं की त्यांचाच 1990 सालचा 'बर्लिनर मेसे' (मेसे म्हणजे चर्चमधली 'मिस्सा' उपासना) लावा. तोही याच पद्धतीचा, फक्त साथीला ऑर्गन किंवा तंतुवाद्यं.