साबणाची वडी की बॉडी वॉश? निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

साबण चांगला की बॉडी वॉश असं विचारलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते वडीने त्वचा कोरडी पडते, दुसरी म्हणते बाटलीत नुसती केमिकल्स असतात, आणि गंमत म्हणजे दोघांनीही हातातल्या वस्तूची मागची बाजू कधी वाचलेली नसते. घट्ट आहे की पातळ यावरून फार काही ठरत नाही. आत काय आहे आणि तुम्ही ते कसं वापरताय यावर सगळं असतं, आणि बऱ्याचशा चुका तिथेच होतात.

वडी दिसली म्हणजे साबणच, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा वेळ घालवूया. तेल किंवा चरबी घ्यायची, त्यात कॉस्टिक सोडा घालायचा, रिॲक्शन झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं, हा झाला खरा साबण. याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) साधारण ९ ते १० असतो आणि आपल्या त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी, म्हणजे ५ च्या आगेमागे. साबण लावला की त्वचेचा पीएच वर चढतो आणि परत जागेवर यायला कधीकधी काही तास जातात. धडधाकट त्वचा हे निभावून नेते, काही बिघडत नाही, पण मुळात कोरडी त्वचा असेल, एक्झिमा (इसब) असेल किंवा वय झाल्यामुळे त्वचा पातळ झाली असेल तर आंघोळीनंतर अंग ओढल्यासारखं वाटतं, खाज सुटते, पायांवरून पांढरा कोंडा निघतो.

पण बाजारात वडीच्या आकारात मिळणारी प्रत्येक गोष्ट साबण नसते. सिंडेट बार नावाचा प्रकार असतो, म्हणजे सिंथेटिक डिटर्जंटची वडी, दिसायला अगदी साबणासारखीच, पण पीएच साधारण ५.५ ते ७. डिटर्जंट हा शब्द ऐकून घाबरू नका, कपड्यांच्या पावडरशी याचा संबंध नाही आणि त्वचेला ही वडी खऱ्या साबणापेक्षा बहुतेक वेळा सौम्यच पडते. ओळखायचं कसं? घटकांच्या यादीतली पहिली दोन-तीन नावं बघा. सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम टॅलोवेट असलं काही असेल तर साबण. सोडियम कोकोईल आयसेथायोनेट सगळ्यात वर असेल तर सिंडेट. दोन्ही असतील तर मिश्रण, तशाही वड्या भरपूर असतात.

आता याचीच उलटी चूक, बाटलीत आहे म्हणजे सौम्यच असणार. बऱ्याच बॉडी वॉशमध्ये सोडियम लॉरेथ सल्फेट आणि त्याच्या जोडीला कोकामिडोप्रोपाइल बीटाइन असतं, मळ काढणाऱ्या घटकांचं हे ठीकठाक कॉम्बिनेशन आहे. पण यादीत पोटॅशियम कोकोएट किंवा पोटॅशियम लॉरेट वरच्या नंबरला दिसलं तर तो चक्क पातळ केलेला साबणच आहे, पीएचही साबणासारखाच, फक्त पंप लावलाय. वडीने त्वचा कोरडी पडते म्हणून बाटली घेतली आणि फरक काहीच पडला नाही अशी तक्रार असते ना, तिथे आधी हे बघायचं.

टीएफएमचा आकडा बघून वडी निवडणारेही असतात. टीएफएम म्हणजे वडीत एकूण फॅटी मॅटर किती टक्के आहे ते. दोन खऱ्या साबणांची तुलना करायला हा आकडा कामाचा आहे, पण सिंडेट बारला तो लावला तर चांगली वडी उगाच बाद होईल, कारण ती मुळात साबणच नाही.

आणि हँडमेड, नॅचरल वगैरे लिहिलेल्या साबणावर पीएच ५.५ असं छापलेलं दिसलं तर मी तरी ती वडी परत ठेवेन. खरा साबण एवढा आम्लधर्मी होऊच शकत नाही, तेवढा पीएच खाली आणला तर साबण तुटून परत फॅटी ॲसिड वेगळं होतं. हँडमेड साबण वाईट असतो असं नाही, सुंदर असतात काही, पण रसायनशास्त्र त्याच्यासाठी बदलत नाही.

वडीवर जंतू असतात म्हणून बाटलीकडे वळणं

ओल्या वडीवर बॅक्टेरिया सापडतात हे खरंय. पण १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, त्यात वड्यांवर मुद्दाम बॅक्टेरिया लावले, १६ जणांना त्यांनी हात धुवायला लावले आणि नंतर कोणाच्याच हातावर ते बॅक्टेरिया सापडले नाहीत. वडी वापरण्याआधी वाहत्या पाण्याखाली एकदा धरा आणि तळाला भोकं असलेल्या साबणदाणीत कोरडी होऊ द्या, पुरे. घरात कुणाला त्वचेचा संसर्ग असेल किंवा उघडी जखम असेल तर मात्र त्याची वडी वेगळी ठेवा, तिथे पंपवाली बाटली सरळ सोयीची पडते.

खरी घाण कुठे असते सांगू? बॉडी वॉशसोबत जो जाळीचा गोळा किंवा लूफा आपण वापरतो, त्यात. मेलेली त्वचा त्यात अडकते, बाथरूममध्ये तो दिवसभर ओला लटकतो आणि बॅक्टेरियांची मजा होते. नैसर्गिक लूफा तीन-चार आठवड्यांत टाकून द्यायचा, प्लास्टिकचा दोनेक महिन्यांत, आणि दाढी किंवा शेव्हिंग केल्यावर त्या भागावर तो घासायचाच नाही. हाताने लावलं तरी अंग स्वच्छ होतं. फेस कमी येईल, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे.

संपत आलेल्या बाटलीत पाणी घालणं

हे जवळपास प्रत्येक घरात चालतं आणि यावर कोणी बोलत नाही. बॉडी वॉशमध्ये पाणी भरपूर असतं, म्हणून ते टिकावं यासाठी मोजून प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं असतं. तुम्ही वरून पाणी ओतलं की ते प्रमाण बिघडतं आणि ती बाटली आठवडाभर दमट बाथरूममध्ये राहिली तर आत काहीही वाढू शकतं. तळाचं काढायचंच असेल तर पाणी घाला आणि त्याच आंघोळीत संपवा. रिफिल पाऊच वापरताना पण जुन्यावर नवीन ओतत राहू नका, बाटली आणि पंप दोन्ही धुवून, पूर्ण वाळवून मगच भरा. वडीचा एक फायदा इथे दिसतो, तिच्यात पाणीच कमी असतं त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हची फारशी गरज पडत नाही, आणि ज्यांना मिथाइलआयसोथायझोलिनोनसारख्या प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी निघते त्यांच्यासाठी हा फरक मोठा असतो.

ॲलर्जीचा दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे सुगंध, आणि तो वडीतही असतो, बाटलीतही. अनसेंटेड लिहिलेलं पुरेसं नाही बरं का, मूळ वास झाकायला त्यात वेगळा सुगंध घातलेला असू शकतो. फ्रॅग्रन्स फ्री शोधा, आणि मागच्या यादीत परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स नाही ना हे बघून घ्या.

अँटीबॅक्टेरियलच पाहिजे हा हट्ट

२०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन धरून १९ जंतुनाशक घटक घरगुती अँटीसेप्टिक साबण आणि वॉशमधून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त परिणामकारक आहेत हे कंपन्यांना सिद्ध करता आलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी साधंच बरं.

रोज अख्ख्या अंगाला घासून लावणं

काखा, जांघा, पाय, जिथे घाम आणि वास येतो तिथे लावा. हाता-पायांच्या कोरड्या भागावर धूळमाती नसेल तर रोज साबणाची गरज नसते. योनीच्या आत तर वडी, बॉडी वॉश, काहीच नको, तो भाग स्वतःची सफाई स्वतः करतो, बाहेरून पाणी पुरतं. आणि कडकडीत गरम पाण्याने पंधरा मिनिटं आंघोळ करून वर सगळा दोष साबणाला देऊ नका, कोमट पाणी, पाच-दहा मिनिटं आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. सगळं करून खाज राहिली, चट्टे आले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि वापरता त्या सगळ्या वस्तूंच्या यादीचे फोटो सोबत न्या.

आता काही नेहमीच्या तक्रारी.

साबण लावल्यावर अंगावर थर राहिल्यासारखं वाटतं, टाइल्सवर पांढरट डाग पडतात: पाणी जड आहे. पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं, तोच अंगावरही बसतो. साबण बदलून दुसरा साबण आणण्यात अर्थ नाही, सिंडेट बार किंवा सल्फेटवाला बॉडी वॉश घ्या, त्यांचा असा साका होत नाही.

बॉडी वॉश कितीही धुतला तरी बुळबुळीत वाटतो: त्यातली तेलं आणि कंडिशनिंगचे घटक मुद्दाम त्वचेवर राहण्यासाठीच असतात. एक तर कमी घ्या, एका पंपात बरंच होतं, नाहीतर मॉइश्चरायझिंग नसलेला साधा वॉश बघा.

वडी चार दिवसांत वितळते: साबणदाणीत पाणी साचतंय किंवा वडीवर शॉवरची धार पडतेय, जागा बदला. दोन वड्या आलटून पालटून वापरल्या तरी फरक पडतो.

पाठीवर पुटकुळ्या येतात: लोक लगेच कडक साबण आणतात आणि पाठ आणखी लाल करून घेतात. आधी आंघोळीचा क्रम बदलून बघा, शॅम्पू-कंडिशनर पूर्ण धुवून झाला की मगच पाठ धुवायची, कारण कंडिशनरचा थर पाठीवर ओघळून तिथेच राहतो. तेवढ्याने भागलं नाही तर बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश मिळतो, तो लावून लगेच धुवायचा नाही, दोन-चार मिनिटं ठेवायचा. पण टॉवेल पांढरा घ्या, कारण ते औषध कापडाचा रंग उडवतं आणि घरातले उगाच वॉशिंग मशीनला शिव्या घालत बसतील.