मिग उतरवायचं कसं

आमचे अण्णा ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे विमानांच्या सरकारी कारखान्यात, मिगच्या लाइनवर होते. त्यामुळे मी पहिलं रिमोटचं जेट घेतलं ते मिग-२१. तुम्ही नका घेऊ. खऱ्या मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, माझं फोमचं मॉडेल त्याच्या बाराव्या हिश्श्याचं, म्हणजे जेमतेम साठ सेंटिमीटर. एवढ्याशा पंखांवर पावणेदोन किलो वजन. वेग गेला की विमानाचा धोंडा होतो. आधी एक वर्ष प्रॉपवालं (समोर प्रॉपेलर असलेलं) शिकाऊ ट्रेनर उडवा, मग रुंद पंखांचं साधं जेट, आणि हात बसला की मिग.

जागेचं आधी बघा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-पोर्टलच्या नकाशावर हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. आमच्या नाशकात ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग असल्यामुळे गावाजवळ विषयच नाही. आम्ही सिन्नरच्या बाजूला जातो. तिथे एका रखडलेल्या प्लॉटिंगमध्ये सव्वाशे मीटरचा डांबरी रस्ता आहे, मालकाला विचारून वापरतो. सोबत खराटा न्या. चेष्टा नाही. जेटला ढकलणारा पंखा पोटात असतो आणि तो समोरून खडे ओढतो. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा आत गेला तरी पात्याचा टवका उडतो. संक्रांतीच्या आगेमागे पंधरा दिवस मैदानाचं नावही काढू नका, मांजा दिसत नाही.

घरून निघण्याआधी सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू. बॅटरी आत ठेवून, कॅनोपी (वरचं झाकण) लावून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतरावर पंखाखाली बॉलपेनची खूण करा आणि दोन बोटांवर विमान तोला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. पहिल्या उड्डाणाला मी खुणेच्या आणखी पाच मिलिमीटर पुढे ठेवतो. नाक जड असलं तर विमान कंटाळवाणं उडतं, शेपूट जड असलं तर एकदाच उडतं. मिगची मागची आडवी शेपटी अख्खी फिरते, त्यामुळे तिला थोडीशी स्टिकही फार होते; ट्रान्समीटरवर तीस टक्के एक्सपो (मधल्या भागात स्टिक मऊ करणारी सेटिंग) आणि लो रेट (शेपटी कमी फिरवणारी सेटिंग) लावूनच सुरुवात करा.

मैदानावर एलेरॉनची (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांची) दिशा मोठ्याने बोलून तपासा: स्टिक उजवीकडे, उजवा वर. मग विमान कुणालातरी धरायला देऊन ट्रान्समीटर बंद करा, पंखा थांबलाच पाहिजे. हा फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की पंखा आपोआप थांबणं, न तपासता उडवणाऱ्याच्या शेजारी मी उभाही राहत नाही.

टेकऑफबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वाऱ्याच्या तोंडावर उभं करा, थ्रॉटल (पंख्याचा जोर) हळूहळू पूर्ण, रडरने (उभ्या शेपटीच्या पट्टीने) सरळ ठेवा आणि नाक वर उचलणारा एलिव्हेटर ओढायची घाई करू नका. एप्रिल-मेच्या दुपारी हवा पातळ असते, रस्ता संपत आला तरी चाकं उचलत नाहीत; म्हणून उन्हाळ्यात आम्ही सकाळी आठच्या आत आटोपतो. वर गेल्यावर चाकं आत घ्या आणि विमान जवळ ठेवा. ताशी शंभरच्या वेगाने ते चार सेकंदांत शंभर मीटरच्या पुढे जातं, आणि करड्या रंगाचं त्रिकोणी विमान येतंय की जातंय हे तिथून कळत नाही. मी पोटाला लाल पट्टा ओढलाय. खऱ्या मिगला तसला पट्टा कुठे होता, असं अण्णा दर वेळी म्हणतात. म्हणू देत.

आता लँडिंग. माझं पहिलं मिग इथेच गेलं. मार्चमधली सकाळ, बऱ्यापैकी सरळ आलो होतो, पण रस्ता पुरणार नाही असं वाटलं आणि प्रॉपच्या सवयीने थ्रॉटल पूर्ण बंद केला. नाक खाली जायला लागलं म्हणून स्टिक ओढली. नाक वर आलं, विमान मात्र खालीच येत राहिलं. मग थ्रॉटल ठोकला. पंखा किंचाळला, आणि तोवर शेपटी हरभरा काढलेल्या रानात रुतली होती. अण्णा खुर्चीवरून उठलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "चालू होतं ना? मग बंद कशाला केलंस?"

प्रॉपेलर समोर असला की त्याचा वारा थेट शेपटीवर येतो. विमान अगदी संथ असलं तरी थ्रॉटल दिला की एलिव्हेटरला जीव येतो. पंख्याच्या जेटमध्ये हवा मागच्या नळीतून निघून जाते, शेपटीला काही मिळत नाही. शिवाय स्टिक पुढे केल्यापासून जोर लागेपर्यंत अर्धा-एक सेकंद जातो. त्यामुळे चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल एक-तृतीयांशाच्या खाली आणायचा नाही. वळण लांबून घ्या, चाकं तिथेच खाली सोडा, नाक किंचित वर धरा आणि उंची थ्रॉटलने कमी-जास्त करा. खाली येतंय वाटलं तर आधी थ्रॉटल, एलिव्हेटर नंतर. मागची चाकं टेकली की मग बंद.

जमत नसेल तर परत फिरा, पण निर्णय दोन पुरुष उंचीच्या वरच घ्या. पूर्ण थ्रॉटल, पंख सपाट, नाक आहे तिथेच. लगेच वर ओढायचं नाही. आवाज चढतो, विमान क्षणभर बसल्यासारखं होतं, मग वेग घेतं, त्यानंतर चढवा. हा सराव मी पंधरा-वीस मीटर उंचीवर करायला लावतो, एका बॅटरीत तीनदा.

त्यासाठी बॅटरी शिल्लक लागते. ४००० एमएएच क्षमतेची सहा सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, सरासरी पन्नास अँपिअर ओढलं तर ऐंशी टक्के संपायला चार मिनिटंही लागत नाहीत. माझा टायमर तीन मिनिटांवर वाजतो आणि वाजला की उतरायला लागतो, "एक शेवटची फेरी" नाही. बॅटरी गार झाली की चार्जरला लावा आणि परत किती एमएएच गेले ते वहीत लिहा. ३२०० च्या वर आकडा आला तर टायमर पंधरा सेकंदांनी कमी करा. त्या दिवशी पुन्हा उडवणार नसाल तर पूर्ण भरू नका, दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा. फुगलेली बॅटरी असेल तर तिचा हिशेब करायचा नाही, ती गेली.