स्कॉटलंडच्या चर्चची दप्तरं उघडण्याआधी

एडिंबरोला संशोधनासाठी येणारी मराठी मुलं हमखास विचारतात, “मुंबईच्या मिशनऱ्यांची पत्रं कुठे मिळतील?” माझं उत्तर ठरलेलं आहे : त्या वर्षी तो माणूस कोणाच्या पगारावर होता, ते आधी शोध. कागद तिकडेच गेलेला असतो.

विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन घ्या. १८२९ साली ते मुंबईत उतरले स्कॉटिश मिशनरी सोसायटीतर्फे. १८३५ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडकडे आले. मे १८४३ मध्ये चर्चच फुटलं, साडेचारशेच्या वर पाद्री बाहेर पडले आणि फ्री चर्च उभं राहिलं. विल्सन त्यांच्या बाजूला गेले. माणूस तोच, शहर तेच, धनी तीन. पुढे १९०० आणि १९२९ मध्ये विलीनीकरणं झाली, तेव्हा नावं पुन्हा बदलली. भाऊबंदकी कळल्याशिवाय वाटणीपत्र कळत नाही, तसंच हे. हा वंशवृक्ष वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवा, कॅटलॉग नंतर उघडा.

परदेशी मिशनचा मोठा पत्रव्यवहार नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडमध्ये आहे. गावोगावच्या चर्चची दप्तरं मुख्यतः नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे. त्यातली किर्क सेशनची, म्हणजे पाद्री आणि एल्डर (चर्चचे निवडलेले ज्येष्ठ) मंडळींच्या बैठकीची, मिनिटबुकं (इतिवृत्ताच्या वह्या) मला सर्वांत आवडतात. लग्नाआधीचं गरोदरपण, रविवारी केलेलं काम, शेजाऱ्यांची शिवीगाळ, विधवेला दिलेले चार पैसे, सगळं एका पानावर. २०२१ पासून त्यांचे स्कॅन स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर येऊ लागले, त्यामुळे तयारी पुण्यात बसूनही करता येते. मात्र तिथे माणसाचं नाव टाकून काही सापडत नाही. पॅरिश, म्हणजे त्या चर्चचा इलाखा, आणि साल ठरवायचं आणि पानं उलटत बसायचं.

अक्षराला घाबरू नका. एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करून मागे मागे जा; सतराव्या शतकातलं वळण एकदम समोर आलं की भलेभले गळपटतात. मोडी वाचलेल्यांना निदान चिकाटी तरी अंगात असते. तारखांचीही एक खोच आहे : स्कॉटलंडने १६०० पासूनच १ जानेवारीला वर्ष सुरू केलं, इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत ते २५ मार्चला सुरू होई. म्हणून लंडनहून फेब्रुवारी १७०० मध्ये आलेलं पत्र आपल्या हिशेबाने १७०१ चं असू शकतं.

घरगुती पत्रांत आडवं लिहून झाल्यावर कागद फिरवून त्याच ओळींवर उभं लिहिलेलं दिसेल. १८४० पूर्वी टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्याच्या माथी पडे. म्हणून ही काटकसर. परवानगी असेल तर फोटो काढा, एका दिशेच्या ओळी पूर्ण उतरवा, मगच फोटो फिरवा. दोन्ही एकदम वाचायला गेलात तर डोकं उठेल. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल लागते. साध्या कागदाला हातमोजे नकोत, धुतलेले कोरडे हात पुरेत. जुन्या फोटोंना मात्र मोजे घालावे लागतात.

चित्रांकडे बरेच जण वळतच नाहीत. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने १८४३ च्या फुटीचं, म्हणजे बाहेर पडणारे पाद्री राजीनाम्यावर सह्या करतानाचं, भव्य चित्र करायला घेतलं आणि चेहरे टिपण्यासाठी रॉबर्ट अ‍ॅडमसनबरोबर कॅलोटाइप, म्हणजे कागदी निगेटिव्हवरचे सुरुवातीच्या काळातले, फोटो काढले. विल्सन यांच्याबरोबर मुंबईहून स्कॉटलंडला गेलेल्या धनजीभाई नौरोजी या ख्रिस्ती झालेल्या पारशी तरुणाचाही फोटो या जोडीने काढला. चित्र पुरं व्हायला १८६६ उजाडलं. चारशेंहून अधिक चेहऱ्यांत त्या दिवशी हजर नसलेलेही आहेत, काही जण त्या वेळच्या वयापेक्षा म्हातारे दिसतात. तेव्हा २३ मे १८४३ रोजी सह्या कोणी केल्या हे हवं असेल, तर राजीनाम्याचा मूळ दस्तऐवज काढा आणि चित्रातले चेहरे त्याच्याशी ताडून पाहा.