फलकांआधी खोल्यांचे क्रमांक

विद्यापीठाच्या इमारतींतील दिशादर्शक फलक, नकाशे आणि भिंतींवरील चित्रलेखन यांच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांना अक्षरवळण, रंग आणि साहित्य यांची जाण असतेच. मीही तेवढ्या भांडवलावर उतरलो होतो आणि खोल्यांच्या क्रमांकांनी मला तोंडघशी पाडले.

पहिल्या स्वतंत्र कामात मी वास्तुविशारदांच्या आराखड्यातील क्रमांक जसेच्या तसे मजकूर-तक्त्यात, म्हणजे कोणत्या पाटीवर काय लिहायचे याच्या यादीत, उतरवले. आराखड्यातील क्रमांक बांधकामाच्या सोयीचे असतात. जिना, विजेच्या वाहिन्यांची खोली, प्रसाधनगृह अशा सगळ्यांना क्रमांक मिळतो आणि एखादी भिंत सरकली की मध्येच नवा क्रमांक शिरतो. तासिकांचे वेळापत्रक मात्र प्रशासनाच्या स्वतंत्र यादीवर चालते. परिणामी ज्या व्याख्यानकक्षावर मी २१४ ची पाटी लावली, तो वेळापत्रकात २०७ होता आणि माझी २०७ ची पाटी सफाईसाहित्याच्या खोलीवर झळकत होती. सत्राच्या पहिल्या सकाळी त्या कुलूपबंद दारासमोर विद्यार्थ्यांचा घोळका वह्या घेऊन उभा होता.

म्हणून तक्त्यात आराखड्यातील क्रमांक, वेळापत्रकातील क्रमांक आणि पाटीवरचा मजकूर असे तीन वेगळे रकाने ठेवावेत आणि प्रत्येक ओळीवर जबाबदार अधिकाऱ्याची सही घ्यावी. तोंडी होकारावर एकही पाटी कापायला देऊ नये. विभागांची नावे बदलत राहतात, त्यामुळे क्रमांक पक्का आणि नावाची पट्टी सरकवून बदलता येईल अशी ठेवावी.

संगणकावरील देखण्या त्रिमितीय चित्रांवर मान्यता मिळवण्याचा जवळचा मार्ग मला आजही संशयास्पद वाटतो. त्यापेक्षा पूर्ण आकाराचे कागद भिंतीवर चिकटवून, इमारत न पाहिलेल्या माणसाला चालायला लावावे आणि तो कुठे थबकतो ते पाहावे. पडद्यावरच दुरुस्त्या सांगणाऱ्या मार्गदर्शकापेक्षा आपल्याबरोबर दोन मजले चढणारा केव्हाही बरा. सुमारे साडेसात मीटरवरून वाचायला २५ मिलिमीटर उंचीचे अक्षर, हा व्यवसायातला ढोबळ हिशेबही मंद उजेडाच्या मार्गिकेत तोकडा पडतो, हे अशा फेरीतच कळते. अमेरिकेच्या २०१०च्या सुगम्यता मानकांत स्पर्शाने वाचायची अक्षरे जमिनीपासून १२२० ते १५२५ मिलिमीटरच्या पट्ट्यात, एकझडपी दाराच्या कडीच्या बाजूला असावीत, असे सांगितले आहे. सूचनाफलक आणि अग्निशामक नळकांडी नेमकी तीच जागा अडवून बसलेली असतात.

क्रमांकांची चूक झाली तरी खचून जाऊ नये. माझ्या चुकीच्या पाट्या उतरवून नव्या लावेपर्यंत दारांवर मोठ्या अक्षरांतले साधे कागद होते आणि त्या दिवसांत कोणीही वाट चुकले नाही.