आंबोलीत रात्री साप टिपताना: आधी अंतराचं गणित

पावसाळ्यात आंबोलीला येणाऱ्या नवख्यांकडे हल्ली कॅमेरा चांगलाच असतो. कमी पडतं ते अंतराचं भान. गमबूट, हेडटॉर्च, मॅन्युअल मोड हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो आणि थेट त्या एका सापळ्याकडे येतो, ज्यात मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स) घेतलेला जवळजवळ प्रत्येकजण अडकतो.

१०० एमएमच्या मॅक्रो लेन्सचं किमान फोकस अंतर साधारण ३० सेंमी असतं. हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे, कॅमेऱ्यातल्या सेन्सरपासून मोजतात. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा करा. काचेपुढे उरतात जेमतेम १३-१५ सेंमी. हूड (लेन्सपुढची नळीसारखी झडप) लावलं की त्यातलेही चार-पाच गेले. फ्लॅशचा डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) आणखी पुढे येतो, आणि डावा हात तर फोकस रिंगवरच असतो. आता सापाकडे या. मलबारी चापडा (झुडपांत दबा धरणारा विषारी साप) सहसा ६०-७० सेंमी लांब, आणि त्याची झेप शरीराच्या एक तृतीयांश ते निम्म्या लांबीइतकी जाते, म्हणजे २० ते ३५ सेंमी. तुमची बोटं त्या टप्प्यात आहेत. व्ह्यूफाइंडरमधून हे कळतच नाही, कारण तिथे फक्त डोळा आणि खवले दिसतात. त्यात चापडा एकाच फांदीवर तासन्‌तास हलत नाही, म्हणून माणूस वीत-वीत पुढे सरकत राहतो. पण चापडा सुस्त नसतो, दबा धरून बसलेला असतो. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खळगीने त्याला उष्णता कळते. मिट्ट काळोखातही तुमचा गरम हात त्याला जाणवतो.

आणि चावलाच तर? आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषासाठी बनतं. चापड्याच्या विषावर त्याची भिस्त ठेवता येत नाही. दंश झालेला अवयव हलवू नका, अंगठ्या-घड्याळ काढा, कापू-चोखू-आवळून बांधू नका, १०८ ला फोन करा.

घाबरून लेन्स विकायला काढू नका, उपाय सोपा आहे. १:१, म्हणजे सेन्सरवर खऱ्या आकाराएवढी प्रतिमा घ्यायचं विसरा. लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारं बटण) असेल तर तो ०.५ मीटर ते अनंत यावर ठेवा. सापापासून तुमच्या सर्वांत जवळच्या बोटापर्यंत एक मीटर सोडा. डोळ्यापासून मोजू नका. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर या अंतरावरून साधारण ३५-४० सेंमी रुंदीची चौकट मिळते. वेटोळं घातलेला चापडा, त्याची फांदी, ओलं शेवाळ, सगळं त्यात बसतं, आणि माझ्या मते नुसत्या डोक्याच्या फोटोपेक्षा हाच फोटो मोलाचा. घोणस दिसली तर दोन मीटरच्या आत जाऊच नका. तिथे टेली लेन्सच (दुरून टिपणारी) हवी.

सेटिंग असं ठेवा: अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११, शटर १/१६० सेकंद, आयएसओ ४००-८००, फ्लॅश बाजूने आणि कमी ताकदीवर. आठ-दहा फ्रेम झाल्या की पुरे. साप जीभ भराभर काढू लागला, मान इंग्रजी एससारखी आखडली किंवा शेपटी थरथरली, की मागे व्हा.

शोधताना चमकणारे डोळे धुंडाळू नका. टॉर्चमध्ये चमकतात ते बेडूक आणि कोळी. सापाचे डोळे तसे लकाकत नाहीत. ओढ्याकाठच्या झुडपांत, गुडघ्यापासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर वेटोळ्याचा आकार शोधा. चापडा हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी कसाही असू शकतो, त्यामुळे रंगावर विसंबू नका. फांदीच्या टोकाशी झोपलेला हरणटोळ हमखास भेटतो. नवख्याने त्याचेच फोटो काढून सराव करावा. सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) गुडघा टेकण्याआधी जागा टॉर्चने नीट बघा, कारण तिथे फुरसं असतं, आणि ते कातळाच्या रंगात पार मिसळून जातं.

वाटाड्याबद्दल मी फार कडक आहे. जो काठीने साप हलवून 'चांगल्या' फांदीवर ठेवतो, त्याच्याबरोबर दुसऱ्या रात्री जाऊ नका, मग तो कितीही साप दाखवो. साप हाताळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि दबा धरलेली जागा मोडली की त्या सापाची शिकारही जाते. शिकावं ते वनखात्याची परवानगी काढणाऱ्या आणि सापाला बोटही न लावणाऱ्या माणसाकडून.

फोटो टाकण्याआधी त्यातलं जीपीएस काढून टाका. 'आंबोली परिसर' एवढं लिहिलंत तरी चालतं. नेमकी फांदी कळली, तर चापडा तिथेच बसून राहणार आणि पुढच्या शनिवारी तिथे वीसजण उभे असणार.