सारखी शू लागणाऱ्या मुलाची नोंद घरी कशी ठेवावी

"दिवसातून किती वेळा जाते? एका वेळी किती होते?" डॉक्टरांनी विचारलं आणि माझ्याकडे उत्तर एकच होतं, "सारखी जाते." लेक तेव्हा सात वर्षांची. शू लागली की धावत सुटायची, मोरीपर्यंत पोचायच्या आत चड्डी ओली. वर्षभर मी तिला रागावत होते. मोजलं मात्र एकदाही नव्हतं.

या त्रासाला ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर म्हणतात. लघवीची पिशवी पुरती भरायच्या आधीच आकसायला लागते आणि मुलाला एकदम जोराची घाई होते. यात आळस नाही, हट्टही नाही. मूल पाच वर्षांचं झाल्यावरही असं होत असेल, तर डॉक्टरांना दाखवण्याआधी दोन दिवसांची नोंद करून न्या. त्यांचं निम्मं काम त्या वहीतच होतं.

आधी माप तयार करा. प्लास्टिकचा एक जुना मग घ्या. दुधाच्या १०० मिलीच्या मापाने त्यात पाणी ओतत जा आणि प्रत्येक वेळी बाहेरून मार्करने रेघ मारा. मधल्या ५० च्या रेघाही हव्यात. मुलींसाठी पसरट भांडं सोपं पडतं, त्यात बसू द्या आणि मग मगात ओतून मोजा. हे भांडं फक्त याच कामाला ठेवा.

दोन दिवस निवडा. शनिवार-रविवार सोयीचे. दोन्ही दिवस लागून हवेत असंही नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहा: वेळ, किती मिली, घाई झाली का. काय प्यायलं तेही लिहा, चहासुद्धा. या दिवसांत पाणी मुद्दाम वाढवू नका आणि कमीही करू नका. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात तर पाणी तोडणं धोक्याचंच. शिवाय घट्ट पिवळी लघवी पिशवीला आणखी चिडवते.

शाळेचा एखादा दिवस वेगळा बघा. माझ्या लेकीची पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी यायची. शाळेतल्या संडासात जायला नको म्हणून ती पाणीच पीत नव्हती, हे मला वहीमुळे कळलं.

न बोललेलंही टिपा. खेळता खेळता ती मध्येच खाली बसायची, एक टाच शूच्या जागी दाबून, मान खाली, अगदी गप्प. मला वाटायचं, चप्पल नीट करतेय. ती शू अडवत होती. पायाची अढी घालणं, जागच्या जागी नाचणं, हाताने दाबून धरणं, दिसलं की वेळ लिहा. रागवायचं नाही. रागावलात तर मूल लपवायला शिकतं आणि वही खोटी होते.

चड्डी ओली झाली तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पिशवीत घालून वजन करा आणि कोरडीचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. दिवसाचं ओलं होणं १४ दिवस लिहून ठेवा. रात्री अंथरूण ओलं होत असेल तर सात रात्री डायपरचं वजन करा आणि त्यात सकाळच्या पहिल्या शूचं माप मिळवा.

आता हिशोब. मुलाच्या वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. सात वर्षांच्या मुलीची पिशवी साधारण २४० मिलीची हवी. हे सूत्र बारा वर्षांपर्यंत चालतं. सकाळची पहिली शू सोडून दिवसातलं सगळ्यात मोठं माप शोधा. ते अपेक्षित आकड्याच्या ६५ टक्क्यांच्या आत असेल, तर पिशवी कमी साठवते आहे. लेकीचं सगळ्यात मोठं माप ९० होतं आणि दिवसात खेपा अकरा. आठ किंवा जास्त खेपा म्हणजे जास्तच. रात्रीची बेरीज अपेक्षित आकड्याच्या १३० टक्क्यांवर गेली, तर रात्री लघवी जास्त तयार होते आहे. तो वेगळा प्रश्न, डॉक्टरांना तसं सांगा.

शीचीही नोंद हवीच. हे बहुतेक घरांत राहून जातं, आमच्याकडेही राहिलं होतं. १४ दिवस लिहा: झाली का, लेंड्यांसारखी कडक की मऊ, कुंथावं लागलं का. आतडं भरलेलं असलं की पिशवीवर दाब येतो. आमच्या डॉक्टरांनी आधी बद्धकोष्ठतेचंच औषध दिलं, आणि दर दोन-अडीच तासांनी घड्याळ बघून शूला पाठवायला सांगितलं.

पुढचं काही दिसलं तर वही भरत बसू नका, लगेच दाखवा: ताप आणि जळजळ, लघवीत रक्त, बारीक किंवा तुटक धार, सतत थेंब गळणं, कमरेच्या खाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा झुबका, चालण्यात बदल, खूप तहान आणि वजन उतरणं.

उपचार सुरू झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच दोन दिवस, त्याच मगाने मोजा. दुसऱ्या वेळी मी नुसती दाराबाहेर उभी होते. मोरीतून तिचाच आवाज आला, "आई, एकशे चाळीस लिही!"